डॅनियल बून आणि बून्सबरो: सरहद्दीवर गाव वसवायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

आठवी-नववीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या वसाहतींबद्दल चार भागांची लेखमाला लिहिते आहे. मध्यभागी शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून आणि १७७५ साली केंटकी नदीकाठी वसलेलं बून्सबरो. नेटवर जे सापडतं त्यात अस्वलं, बंदुका आणि रॅकूनच्या कातडीची टोपी भरपूर आहे. पण गाव उभं कसं राहिलं, माणसं काय खात होती, जमीन कोणाच्या नावावर कशी लागायची, हे कुणी धड सांगत नाही. माहितगारांनी मदत करावी:

१. तिथे पोचल्यावर पहिल्या वर्षी कामांचा क्रम काय असे? आधी शेत, आधी घर की आधी तट?
२. समुद्र शेकडो मैल लांब. मीठ कुठून आणत?
३. १७७८ च्या वेढ्यात इतकी थोडी माणसं टिकली कशी?
४. ज्याच्या नावाने गाव, त्याच्याच नावावर केंटकीत शेवटी जमीन का उरली नाही?

बैलगाड्यांच्या तांड्याने लोक आले, असं पहिल्या भागात लिहून झालं आहे. तेही चुकलं असेल तर सांगा.

---

जुनी_वाट

टोपी आधी काढून टाका. बून फेल्टची रुंद काठाची हॅट घालायचा, रॅकूनची टोपी त्याला नंतरच्या लोकांनी चढवली. बैलगाड्याही काढा. कंबरलंड खिंडीतून केंटकीत उतरणारी वाट गाडीजोगी झाली १७९६ मध्ये. त्याआधीची वीस वर्षं सगळं सामान घोड्याच्या पाठीवरून आलं. ही एक गोष्ट ध्यानात धरली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात: लोखंड का महाग, जातं का मोठं नाही, घरात खिळा का नाही.

आता ‘बूनने वसवलं’ याबद्दल. बूनने वाट तोडली आणि जागा धरली. पैसा आणि बेत नॉर्थ कॅरोलायनाच्या रिचर्ड हेंडरसन नावाच्या माजी न्यायाधीशाचा. त्याच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने मार्च १७७५ मध्ये सायकामोर शोल्स इथे चेरोकी पुढाऱ्यांशी करार करून सुमारे दोन कोटी एकर जमीन ‘विकत’ घेतली, दहा हजार पौंडांच्या मालाच्या बदल्यात. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी पुढाऱ्याने तिथेच विरोध केला होता. शिवाय १७६३ च्या राजाज्ञेनुसार खासगी माणसाला मूळ रहिवाशांकडून अशी जमीन घेताच येत नव्हती. म्हणजे गावाचा पाया कायद्याच्या दृष्टीने पहिल्या दिवसापासून कच्चा होता. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

करार पुरता व्हायच्या आधीच, १० मार्चच्या सुमारास, बून तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन निघाला. त्यांनी ‘रस्ता बांधला’ असं लिहू नका. खोदकाम नाही, भर नाही. शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवाशांची जुनी पायवाट आणि रानगव्यांनी (तिकडचा बफेलो) तुडवलेल्या वाटा जोडायच्या, आडवी झुडपं आणि वेताची बेटं छाटायची, दिशा कळावी म्हणून झाडांची साल तासून खुणा करायच्या, एवढंच काम. साधारण दोनशे मैल. २५ मार्चला पहाटे छावणीवर हल्ला झाला, त्यात कॅप्टन ट्विटी आणि त्याचा सॅम नावाचा गुलाम असे दोघे दगावले. १ एप्रिलला मंडळी नदीवर पोचली. हेंडरसन २० एप्रिलला आला आणि त्याला बूनची जागा सखल वाटली, म्हणून मोठा कोट तीनेकशे यार्ड सरकवून आखला.

कामांचा क्रम विचारलात. आदर्श क्रम शेत, घर, तट. प्रत्यक्षात झालं काय, की लोक पोचले आणि जमिनीचे तुकडे पाहत हिंडायला लागले. मका मात्र मे महिन्याच्या आत पडलाच पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं. तट कुणालाच बांधायचा नव्हता, कारण तो सगळ्यांचा आणि शेत आपापलं! हेंडरसनच्या रोजनिशीत याच तक्रारी आहेत. परिणाम असा की १७७५ ला सुरू झालेला कोट १७७८ च्या सुरुवातीलाही पुरा नव्हता.

एक दुरुस्ती सुचवतो. केंटकीतलं पहिलं गाव म्हणून बून्सबरो लिहू नका. जेम्स हॅरॉडचं हॅरॉड्सबर्ग १७७४ चं.

---

चुलाण

अन्न आणि मिठाबद्दल.

झाडं तोडून शेत करत नसत, तेवढा वेळच नसे. कुऱ्हाडीने बुंध्याभोवती पट्टा काढायचा, साल आणि तिच्याखालचा कोवळा थर पार कापायचा. पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे उतरायचं थांबतं, कोवळं लाकूडही कापलं गेलं असेल तर पाणी वर चढत नाही, आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. पानं गळाली की ऊन जमिनीवर येतं. मग खालचं झुडूप जाळून, नांगर न लावता, कुदळीने मातीचे छोटे उंचवटे करायचे, चार-चार फुटांवर, एकेका उंचवट्यात चार-पाच दाणे. त्याच मक्यावर घेवड्याचे वेल चढवायचे आणि मधल्या जागेत भोपळा. पेरणीचा ठोकताळा असा, की ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की मका टाकायचा. बुंधे तसेच राहत, पुढच्या वर्षांत वादळाने फांद्या पडत. जनावर आणि माणूस दोन्ही त्याखाली सापडत, म्हणून वारा सुटला की शेतातून बाहेर यायचं.

कुंपण शेताला, गुरांना नाही. गुरं-डुकरं रानात मोकळी सोडलेली आणि पीक लाकडाच्या फाळक्यांनी नागमोडी वेढलेलं. फाळके एकमेकांवर तिरपे रचायचे, खांब नाही, खिळा नाही. खारी, कावळे आणि रॅकून यांना अर्थात कुंपणाचं काही वाटत नसे.

एप्रिलला पोचलेल्या माणसाला हिरवं कणीस ऑगस्टमध्ये, वाळका दाणा शरदात. मधले चार महिने नुसतं मांस. सरहद्दीवर टर्कीच्या छातीच्या मांसाला ‘भाकरी’ म्हणून पानात वाढत, यात थट्टा कमी आणि नाइलाज जास्त. आणि शिकारही पुरली नाही. हेंडरसन येऊन महिना व्हायच्या आत शिकाऱ्यांना पंधरा ते तीस मैल लांब जावं लागत होतं, कारण आल्या आल्या गवे मारून नुसती जीभ आणि वशिंड घेऊन बाकीचं धूड टाकून देण्याचा सपाटा चालला होता. मे १७७५ मध्ये एल्म वृक्षाखाली जी सभा भरली तिथे बूनने मांडलेल्या ठरावांत एक शिकारीच्या जनावरांच्या रक्षणाचा होता आणि दुसरा घोड्यांची पैदास सुधारण्याचा. शिकारी माणसाचा पहिला कायदा शिकारीवर लगाम घालणारा, हे मुलांना जरूर सांगा.

दळणासाठी: ओकचा बुंधा मधोमध जाळून उखळ करायचं, वर लवचीक खांबाला मुसळ टांगायचं. वाळका मका राखेच्या पाण्यात भिजवून टरफल काढायचं आणि कुटायचा.

आता मीठ. केंटकीत खारट पाण्याचे झरे आहेत. गवे आणि हरणं माती चाटायला येत, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘लिक’ म्हणतात. बून्सबरोचे लोक ब्लू लिक्सला जात. पाणी अगदी फिकं: एक बुशेल मिठाला, म्हणजे सुमारे पन्नास पौंडांना, आठशे गॅलनांहून जास्त पाणी आटवावं लागे. आपल्या मापात तेवीस किलो मिठाला तीन हजार लिटर. समुद्राचं पाणी याच्या चार-पाचपट खारट असतं, आणि तिथे आपल्या उरण-पेणच्या मिठागरांसारखं ऊन कामाला लावता येतं. केंटकीच्या जानेवारीत ऊन नाही, म्हणून सरपण.

कृती: जमिनीत लांब चर खणायचा, त्यावर लोखंडी कढया ओळीने, गुऱ्हाळाच्या चुलाणासारख्या. दाट होत जाणारं पाणी पुढच्या कढईत ओतत न्यायचं, शेवटच्या कढईत खडे धरले की झाऱ्याने काढून टोपलीत निथळत ठेवायचे. रात्रंदिवस जाळ. चुकतं कुठे, तर शेवटचं कडू पाणी टाकून न देता तेही आटवण्यात. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. तसं मीठ कडवट होतं, दमटपणा ओढून पाणी सोडतं आणि मांसात नीट मुरत नाही. दुसरी अडचण सरपणाची. जवळची झाडं संपली की निम्मी माणसं नुसती लाकडं ओढण्यात जातात.

आणि मीठ हवं कशाला, तर मांस टिकवायला. शंभर पौंड डुकराच्या मांसाला साधारण आठ पौंड. म्हणजे एका बुशेलात सहाशे पौंड मांस, मोठ्या कुटुंबाचा जेमतेम एक हिवाळा. म्हणूनच जानेवारी १७७८ मध्ये, ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या दिवसांत, कोटातली तीस माणसं मीठ आटवायला गेली. कढया व्हर्जिनिया सरकारने धाडल्या होत्या.

---

तटसरनोबत

तिथूनच पुढे घेतो, कारण वेढ्याची गोष्ट मिठापासून सुरू होते.

७ फेब्रुवारी १७७८ ला मीठवाल्यांसाठी शिकार करायला गेलेला बून शॉनींच्या हाती लागला. मुखिया ब्लॅकफिश शंभराहून जास्त योद्धे घेऊन बून्सबरोवरच चालला होता. कोटाची एक बाजू तोवर उघडी होती. बूनने हिशेब केला आणि आपल्या माणसांना लढाईशिवाय शरण यायला लावलं. बदल्यात हल्ला टळला. पुढे याच कारणासाठी त्याच्यावर लष्करी खटला चालला. सुटला, वर मेजरची बढती मिळाली, पण काही शेजाऱ्यांनी माफ केलं नाही. ब्लॅकफिशने त्याला मुलगा म्हणून घरात घेतलं, नाव दिलं शेल्टोवी, मोठं कासव. १६ जूनला तो निसटला आणि चार दिवसांत १६० मैल तोडून कोटात आला. रिबेका, त्याची बायको, तो मेला असं समजून मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला परतली होती. लग्न झालेली मुलगी जमायमा तेवढी तिथे होती.

कोटाची रचना समजून घ्या, मुलांना चित्र काढायला उपयोग होईल. लांबट चौकोन, सुमारे २६० फूट बाय १८०. ‘भिंत’ अशी वेगळी नाही. ओंडक्यांच्या खोल्या ओळीने, त्यांची मागची बाजू हाच तट. खोल्यांच्या मधल्या फटींत दहा-बारा फुटांचे टोकदार खांब जमिनीत शेजारी शेजारी पुरलेले. चार कोपऱ्यांना दुमजली बुरूज, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, म्हणजे तटाला चिकटलेल्या माणसावर वरून नेम धरता येतो. छपरं आतल्या अंगाला उतरती: बाहेरून चढता येत नाही आणि पेटलं तर विझवणारा माणूस आडोशाला राहतो. आपल्या गडांशी तुलना करायचा मोह होईल. टाळा. तोफेच्या चार गोळ्यांत हा कोट आडवा झाला असता. शॉनींकडे तोफ नव्हती, एवढ्यावर सगळं उभं होतं.

दोष दोन. एक, पाणी. झरा तटाबाहेर, आणि आतली विहीर वेढा पडला तरी अर्धवटच. दोन, जागा. नदीचा काठ उंच आणि कोटाच्या जवळ, त्यामुळे काठाखाली लपून काम करता येत होतं.

बूनने परत आल्यावर काही आठवड्यांत उरलेली बाजू बंद केली, बुरूज नीट केले. ७ सप्टेंबरला ब्लॅकफिश चारशेंच्या वर माणसं घेऊन आला, सोबत ब्रिटिशांकडून लढणारे काही फ्रेंच-कॅनेडियन. आत बंदूक चालवू शकणारे साठच्या आसपास. आधी दोन-तीन दिवस बोलणी, वेळ काढण्यासाठी. मग गोळीबार. मग काठाकडून भुयार. ते कळलं कसं, तर खालच्या अंगाला नदीचं पाणी गढूळ दिसायला लागलं. आतल्यांनी खोल्यांच्या खालून आडवा चर खणला, म्हणजे भुयार आलंच तर त्या चरात उघडं पडेल. रात्री जळत्या मशाली छपरांवर येत. वाचवलं पावसाने: छपरं भिजली, भुयार खचलं. १८ तारखेला वेढा उठला. आतले दोन ठार, त्यातला एक लंडन नावाचा गुलाम. नंतर तटाभोवती वेचलेलं शिसं सव्वाशे पौंड भरलं, आणि सरहद्दीवर शिसं फुकट मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. बैलगाड्या गेल्या, टोपीही गेली. खोली कशी बांधत तेही कुणी सांगेल का? आणि चौथा प्रश्न अजून बाकी आहे.

---

जुनी_वाट

खोली थोडक्यात. सोळा ते वीस फुटांचे सरळ ओंडके, टोकांना खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. फटीत लाकडाच्या ढलप्या आणि वर चिखल-गवत. छपराला ओकच्या तीन-चार फुटी फळ्या. करवतीने कापलेल्या नव्हेत, पातं ठोकून रेषेत फोडलेल्या. पाणी अशा फळीच्या रेषेने ओघळून जातं, कापलेल्या फळीत मुरतं. खिळे नाहीत, फळ्यांवर आडवे जड वासे टाकून दाबायचं. जमीन मातीचीच, हात पोचला तर अर्धे फोडलेले ओंडके सपाट बाजू वर करून.

ओलं लाकूड वापरावं लागतं, म्हणून पहिल्या हिवाळ्यात ओंडके आकसतात आणि चिखल गळून पडतो. दरवर्षी लिंपायचं. सगळ्यात खालचा ओंडका दगडावर नसेल तर काही वर्षांत कुजतो. धुराडं लाकडी काड्यांचं, आतून चिखल थापलेलं. तो थर सुटला की पेट घेतं. म्हणून ते मुद्दाम घरापासून बाहेर झुकवून टेकूवर उभं करत. पेटलं की टेकू लाथाडायचा आणि धुराडं अंगणात पाडायचं.

---

साखळी_आणे

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा. सावकाश वाचा, गुंता आहे.

पहिला थर: हेंडरसनने बूनला वाट तोडण्याबद्दल दोन हजार एकर कबूल केले होते. इतरांना आधी शंभर एकरांना वीस शिलिंग भाव, पुढे तो पन्नासवर नेला. हॅरॉड्सबर्गवाले चिडले आणि व्हर्जिनियाकडे गेले. व्हर्जिनियाने डिसेंबर १७७६ मध्ये केंटकी हा आपला परगणा केला आणि १७७८ मध्ये कंपनीची खरेदी रद्द ठरवली. हेंडरसनला ग्रीन नदीवर दोन लाख एकर देऊन वाटेला लावलं. बूनचे दोन हजार एकर कंपनीबरोबर बुडाले.

दुसरा थर: १७७९ चा व्हर्जिनियाचा जमीन कायदा. १ जानेवारी १७७८ च्या आधी वस्ती केलेल्याला चारशे एकर आणि लागून हजार एकरांचा अग्रहक्क, म्हणजे ती जमीन आधी विकत घेण्याचा हक्क. पुरावा म्हणजे मक्याचं पीक किंवा वर्षभराची वस्ती. यासाठी पंचांचं मंडळ १३ ऑक्टोबर १७७९ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत एकेका ठाण्यावर बसलं. बाकीच्यांनी सरकारी तिजोरीतून हक्कपत्र विकत घ्यायचं, शंभर एकरांना चाळीस पौंड, तेही घसरलेल्या कागदी चलनात. त्यामुळे किनाऱ्यावरच्या सटोडियांना ही जमीन पाण्याच्या भावात पडली.

हक्कपत्र मिळालं म्हणजे जमीन मिळाली नाही. पुढे तीन पायऱ्या: नोंद, मोजणी, सनद. आधी मोजणीदाराच्या वहीत ‘मला अमुक ठिकाणची इतकी जमीन हवी’ अशी नोंद करायची. मग मोजणी. मग ते कागद राजधानीत पाठवून राज्यपालाच्या सहीची सनद. मध्ये कुणीही हरकत घेऊ शकतो. आणि खरी मेख ही, की सरकारने आधी मोजून, चौकोन आखून, नंबर देऊन जमीन विकलीच नाही. ज्याने त्याने आपल्याला हवा तसा तुकडा, हव्या त्या आकारात मागायचा. नकाशा एकत्र कुणाकडेच नाही. त्यामुळे एकाच जमिनीवर तीन-तीन, चार-चार दावे चढले.

मोजणी कशी होई? माणसं चार-पाच: होकायंत्रवाला मोजणीदार, साखळीची दोन टोकं धरणारे दोघे, झाडांना खुणा करणारा एक, शिकार आणि राखण करणारा एक. साखळी गुंटरची, ६६ फूट, शंभर कड्यांची. रानात तिची अर्धी, ३३ फुटांची, सोयीची पडे. लांबी लिहायची ‘पोल’मध्ये, एक पोल साडेसोळा फूट, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटायला नको. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली सोळा आण्यांची साखळीही ३३ फुटांचीच, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे बून ज्या लांबीच्या साखळीने केंटकी मोजत होता, त्याच लांबीवर आपले सातबारे अजून चालतात.

आता चुका. साखळीची कडी घासून सैल होते, साखळी लांबते, जमीन कागदावर कमी भरते. चढावर साखळी आडवी ताणून धरायला हवी. ती उतारावर टाकली की अंतर जास्त लिहिलं जातं. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक वर्षांनुवर्षं सरकतो. तो लिहून ठेवला नसेल तर वीस वर्षांनी तीच रेघ दुसरीकडून जाते. कोपरे म्हणजे झाडं: दोन पांढरे ओक आणि एक मेपल, तीन-तीन घाव घातलेले. ओक जळाला, मेपल कुणी तोडला, की कोपराच गेला. आणि शेवटी नोंदीतलं वर्णन. पुढे न्यायालयांनी कसोटी अशी लावली, की नोंद वाचून त्या मुलखाची साधारण माहिती असलेल्या तिऱ्हाईत माणसाला जागा सापडली पाहिजे. ‘अमक्या ओढ्यावर, खूण केलेलं झाड धरून’ अशी नोंद टिकत नसे, मग तुम्ही तिथे दहा वर्षं मका पिकवलेला का असेना.

बून १७८२-८३ पासून स्वतः मोजणीदार होता. सुमारे दीडशे मोजण्या त्याच्या नावावर आहेत. रान त्याला तळहातासारखं ठाऊक, पण नोंद वाचणारा वकील रानात येत नाही. १७८० मध्ये स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे मिळून वीस हजार डॉलर घेऊन तो हक्कपत्रं विकत घ्यायला व्हर्जिनियात गेला आणि वाटेतल्या मुक्कामी पैसे चोरीला गेले. कित्येकांची देणी त्याने पुढे फेडली. विकलेल्या जमिनींचे हक्क कच्चे निघाले की घेणारे त्याच्यावर दावे लावत. १७९८ या एकाच वर्षी केंटकीने एका परगण्याला त्याचं नाव दिलं, मेसन आणि क्लार्क परगण्यांच्या शेरीफांनी त्याची दहा हजार एकरांहून जास्त जमीन थकलेल्या करापोटी विकली, आणि एका खटल्यात साक्षीला आला नाही म्हणून अटकेचा हुकूमही निघाला.

१७९९ ला तो मिसूरीत गेला, तेव्हा तो मुलूख स्पेनचा. हजार आर्पां मिळाले, म्हणजे साडेआठशे एकर, शिवाय फेम ओसाज भागाचा सिंडिक म्हणून नेमणूक, आपल्या पाटलासारखा न्यायनिवाडा करणारा अधिकारी. तिथेही तेच. जमीन कसायची आणि कागद न्यू ऑर्लिन्सहून पक्के करून आणायचे, अशी अट. अधिकाऱ्याने ‘तुम्हाला गरज नाही’ असं सांगितलं आणि तो विसंबला. १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना घेतलं आणि दावे तपासणाऱ्या मंडळाने त्याचा दावा फेटाळला. १८१४ मध्ये काँग्रेसने तेवढी जमीन खास कायद्याने परत दिली, ती बहुतेक घेणेकऱ्यांच्या घशात गेली. १८२० मध्ये वारला, मुलाच्या घरी.

---

ओहायोपल्याड

वर सगळं उत्तम आलं आहे, पण ‘ओसाड रानात गाव वसलं’ असं चुकूनही लिहू नका. बून्सबरोपासून जवळच, आजच्या क्लार्क परगण्यात, एस्किपाकिथिकी नावाचं शॉनी गाव १७५० च्या दशकापर्यंत नांदतं होतं. नंतरही ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या शॉनी गावांचं ते शिकारीचं क्षेत्र. हिवाळ्यात तिथून मिळणाऱ्या मांसावर आणि कातड्यांच्या व्यापारावर त्यांचं वर्ष चाले. वसाहतवाल्यांनी गवे संपवले तेव्हा त्यांचं कोठारच संपलं. कराराला शॉनींची सही नव्हती, हेही लिहा.

दुसरं, गुलाम. बूनच्या कुऱ्हाडवाल्यांबरोबर स्वयंपाकाला त्याची मुलगी सुझाना आणि एक गुलाम स्त्री होती.  मंक एस्टिल हा गुलाम बून्सबरोत बंदुकीची दारू तयार करायचा, गुहांतल्या मातीतून सोरा धुऊन काढून. १७८२ च्या लढाईनंतर तो स्वतंत्र झाला, केंटकीत स्वातंत्र्य मिळालेला पहिला गुलाम म्हणून त्याची नोंद घेतात. बूनच्या घरीही गुलाम होते.

बायकांची कामं: मेंढ्या आणि जवस येईपर्यंत कापड नव्हतं. रानटी खाजकुइलीसारख्या एका झाडाचे, म्हणजे नेटलचे, हिवाळ्यात कुजून सुटलेले धागे काढून ताणा, आणि गव्याच्या लोकरीचा बाणा. खरखरीत पण उबदार.

---

पाटीपेन्सिल

अजून एक. बून्सबरो आज शहर आहे का? मुलं विचारणारच.

---

तटसरनोबत

नाही. ऑक्टोबर १७७९ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने रीतसर गाव म्हणून मान्यता दिली, त्याच वर्षाच्या शेवटी बून स्वतः नदीपलीकडे बून्स स्टेशनला राहायला गेला. परगण्याची कचेरी बून्सबरोला मिळाली नाही. विंचेस्टर आणि रिचमंड वाढली, लेक्सिंग्टन तर फारच. जागा नदीच्या पुरात येणारी, जमिनीचे हक्क वादात, आणि वेढ्याची भीती संपल्यावर कोटात दाटीने राहायला कुणाला आवडणार? आज तिथे राज्य उद्यान आहे आणि १९७४ साली नव्याने उभारलेली कोटाची प्रतिकृती आहे. ती मूळ जागेवर नाही, उंचवट्यावर आहे. फोटो छापलात तर खाली तसं लिहा.

---

साखळी_आणे

आणि नकाशा देणार असाल तर तुकडे चौकोनी काढू नका. चौकोनी आखणी ओहायोच्या उत्तरेला, १७८५ च्या अध्यादेशानंतरची. केंटकीचे तुकडे वेडेवाकडेच हवेत, एकमेकांवर चढलेले.